परसबागेचा हिशेब जूनमध्ये तपासा

जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा भरतात. विदर्भात उन्हामुळे आणखी आठ-दहा दिवस उशिराने. त्या पहिल्या दिवशी एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या मागच्या बाजूला जाऊन पाहावे. 'आमची परसबाग' अशी रंगीत पाटी जागेवर असते. तिच्यामागे तिरप्या विटा लावून केलेले वाफे असतात, त्यांत भेगाळलेली माती, वाळलेल्या वांग्याचे दोन खुंट आणि शेळ्यांच्या लेंड्या. फेब्रुवारीत याच वाफ्यांत मेथी-पालक तरारलेला होता. मुलांनी हातात जुड्या धरून फोटो काढले होते आणि ते केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेले होते. सगळीकडे असेच होते असे नाही. बारा महिने परसबाग राखणाऱ्या शाळा राज्यात आहेत आणि त्यांचे शिक्षक कौतुकास पात्र आहेत. पण जिथे बाग उन्हाळ्यात मरते, तिथे 'गुरुजींना आवड नाही' असे म्हणून विषय संपवला जातो. आमच्या मते दोष आवडीचा कमी आणि अंदाजपत्रकाचा जास्त आहे. ज्या कागदावर बागेचा खर्च मांडला जातो, त्यावर मे महिना नसतोच.

आधी पैसा कुठून येतो ते पाहू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली शालेय पोषण आहाराची योजना २०२१ पासून 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' या नावाने चालते. केंद्राने २०१९ मध्ये शाळांतील पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. योजनेतल्या लवचीक निधीतून शाळेमागे पाच हजार रुपयांपर्यंत रक्कम त्यासाठी वापरता येते. बाकीचे श्रमदान, गावाचा सहभाग, कृषी विज्ञान केंद्र, कृषी विभाग यांच्या मदतीने जमवावे, अशी अपेक्षा आहे. सूचना वाचायला चांगल्या आहेत. जागा नसेल तर कुंड्या, डबे, गोणपाट यांत भाजी लावा, असेही त्या सांगतात. अडचण एवढीच की पाच हजार हा बाग उभी करण्याचा आकडा आहे. ती चालवायची कशी, याचा आकडा कुठेच नाही.

एक साधा हिशेब मांडू. ८० मुलांची प्राथमिक शाळा धरा आणि तिच्यामागे एक गुंठा मोकळी जागा. गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर, दहा बाय दहाचा तुकडा. पायवाटा आणि खतखड्डा सोडला तर प्रत्यक्ष वाफ्यांना पन्नास चौरस मीटर उरतात. आजच्या बाजारभावाने ढोबळ आकडे धरले, तर सर्वांत मोठा खर्च भाजीचा नसतो, कुंपणाचा असतो. चाळीस मीटरची जाळी, खांब आणि मजुरी धरली तर दहा हजारांच्या खाली काम क्वचितच होते. कुंपणाशिवाय बाग करायची म्हणजे गावातल्या शेळ्यांसाठी चारा लावण्यासारखे आहे, हे कोणताही शेतकरी सांगेल. पण निधीच्या प्रस्तावात कुंपण बहुतेक वेळा 'लोकसहभाग' या रकान्यात ढकललेले असते. त्यापुढे एक ट्रॉली शेणखत तीन हजार. लहान मुलांच्या हाताला पेलतील अशी खुरपी, कुदळ, घमेली, झाऱ्या यांचे अडीच हजार. पाण्यासाठी दोन पिंपे, नळी आणि जोडसाहित्य साडेतीन हजार. बियाणे सहाशे. बेरीज वीस हजारांच्या आसपास जाते. जिल्ह्याजिल्ह्यात दर बदलतील, गावात एखाद्याने खत फुकट दिले तर आकडा उतरेल. पण तो पाच हजारांवर येणार नाही.

आता दुसरे वर्ष. बियाणे पुन्हा सहाशे. खत दीड हजाराचे, कारण निम्मे शाळेच्या खड्ड्यातून निघायला हवे. तुटलेले दांडे, फाटलेली नळी, वाकलेले खांब यांसाठी एक हजार. मुलांनी घरी लावण्यासाठी बियांच्या पुड्या, दर मुलामागे पंधरा रुपये धरले तर बाराशे. ही बाब इथे का आली ते पुढे सांगतो. आणि उन्हाळी सुटीचे पंचेचाळीस दिवस रोज येऊन झाडे पाहणाऱ्या माणसाला दिवसाला साठ रुपये, म्हणजे सत्तावीसशे. एकूण सात हजार. ८० मुले आणि शाळेचे सुमारे २२० दिवस यांनी भागले तर मुलामागे दिवसाला चाळीस पैसे पडतात.

हे चाळीस पैसे कशाच्या शेजारी ठेवून पाहायचे? मे २०२५ पासून योजनेत प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला साहित्य-खर्च ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे ठरलेला आहे. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सारे त्यातच. तांदूळ वेगळा मिळतो. म्हणजे परसबाग नीट चालवण्याचा वार्षिक खर्च हा प्राथमिकच्या त्या रकमेच्या सहा टक्क्यांच्या आसपास आहे. फार नाही. पण तो कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, याचे उत्तर मुख्याध्यापकाकडे नसते. समग्र शिक्षाच्या निकषांत संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये. त्यातून वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छतागृहाची निगा, क्रीडासाहित्याच्या बारीकसारीक गरजा भागवायच्या. त्यातून सात हजार बागेला काढणारा मुख्याध्यापक एक तर फार धाडसी असेल किंवा स्वतःच्या खिशात हात घालणारा. दुसऱ्या प्रकारचे बरेच आहेत. त्यांच्या खिशाला आपण लोकसहभाग म्हणतो.

पैसे किती यापेक्षाही ते कधी येतात, हा प्रश्न मोठा आहे. भाजीचे वर्ष मृगाला सुरू होते. भेंडी, गवार, दोडका, कारले, घेवडा जून-जुलैत. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो पावसाळा ओसरता ओसरता. सरकारचे वर्ष मात्र ३१ मार्चला संपते आणि अनुदान त्या टोकाशी येऊन पोहोचण्याची सवय आपल्याला नवी नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस हातात पडलेले पाच हजार चार आठवड्यांत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे, तर मुख्याध्यापक काय घेणार? शेडनेट, रंगवलेली पाटी, तयार रोपांच्या कुंड्या. चार दिवसांत विकत मिळते आणि फोटोत दिसते तेच. ऐन उन्हाच्या तोंडावर, विहिरीचे पाणी खाली गेलेले असताना, लागवड केली जाते. ती मरणारच असते. वनस्पतीशास्त्राचा एवढा साधा नियम वित्त विभागाच्या वेळापत्रकात बसत नाही आणि बिल मात्र रोपाच्या नावावर फाटते. हाच निधी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मंजूर होऊन निम्मा जूनच्या आधी आणि निम्मा सप्टेंबरमध्ये मिळाला, तर रक्कम एक रुपयाने न वाढवताही बागांची अवस्था बदलेल.

पाण्याचा हिशेब करायला विज्ञानाचे पुस्तक पुरते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भाजीच्या वाफ्याला हिवाळ्यात दिवसाला तीन-चार मिलिमीटर लागते, म्हणजे पन्नास चौरस मीटरला दीडशे ते दोनशे लिटर. जेवणाआधी हात आणि जेवणानंतर हात-ताट धुताना एका मुलामागे दोन लिटर पाणी वाहते असे धरले, तर ८० मुलांचे १६० लिटर होतात. म्हणजे शाळा चालू असताना हात धुण्याच्या नळाखालचे पाणी एका साध्या चरातून बागेकडे वळवले, तर हिवाळ्याची गरज जवळजवळ भागते. साबणाचे पाणी मात्र पालेभाजीवर पडू देऊ नये. ते अळू, केळी, शेवगा, पपई यांच्या आळ्यांना द्यावे आणि पालेभाजीला स्वच्छ पाणी राखावे. मे महिन्यात गरज दिवसाला तीनशे लिटरच्या पुढे जाते आणि नेमकी तेव्हा मुले नसतात, म्हणून हात धुण्याचे पाणीही नसते. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात टँकरपुढे हंडे लागलेले असताना शाळेच्या वांग्यांना पाणी घाला, असे कोण कोणाला सांगणार?

म्हणून मे महिन्याचे नियोजन म्हणजे सगळी बाग हिरवी ठेवणे नव्हे. वाफे एप्रिलअखेर रिकामे करावेत, एकदा भरपूर भिजवावेत आणि त्यांवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे अंथरावा. मे महिन्याच्या उन्हात कागदाखालची माती इतकी तापते की तणांचे बी, काही बुरश्या आणि मुळांवरचे सूत्रकृमी बऱ्याच प्रमाणात मरतात. कृषी विद्यापीठे रोपवाटिकांसाठी हा उपाय सांगतातच. ज्या उन्हाला आपण शत्रू मानतो, त्याच्याकडून फुकट काम करून घेण्याची ही रीत आहे. मग जगवायची उरतात ती पाच-सहा बारमाही झाडे: शेवगा, लिंबू, कढीपत्ता, हादगा, पपई. त्यांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन आणि शेजारी गळ्यापर्यंत पुरलेले एक कच्चे मडके. तिसऱ्या दिवशी मडके भरले की पाणी हळूहळू पाझरत राहते. सहा झाडांना दर खेपेस शंभर लिटरही लागत नाहीत. वरच्या हिशेबातले सत्तावीसशे रुपये हे या कामाचे आणि कुंपणावर लक्ष ठेवण्याचे आहेत. ते स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर फुकटात टाकू नयेत. राज्यात त्यांचे मानधन महिना अडीच हजार रुपये आहे आणि तेही शाळेच्या महिन्यांपुरतेच. काम त्यांनीच केले तर उत्तम, पण मोबदला वेगळा असावा.

एवढा खर्च करून मिळते काय, हा प्रश्न करदात्याने विचारायलाच हवा. त्याचे उत्तर देताना बऱ्याचदा थापा मारल्या जातात. निकषाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल मिळायला हवे. उच्च प्राथमिकला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. आपल्या ८० मुलांच्या शाळेला म्हणजे रोज चार किलो आणि वर्षाला ८८० किलो भाजी लागेल. एका गुंठ्यातून, चांगले हात लागले तर, वर्षाला अडीचशे किलोपर्यंत निघेल. गरजेच्या पाव हिश्श्यापेक्षा थोडे जास्त. तीस रुपये किलोने साडेसात हजार रुपयांची भाजी. चालवण्याचा खर्च सात हजार. म्हणजे हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो आणि उभारणीचे वीस हजार धरले तर तोट्यात जातो. परसबागेमुळे भाजीचा खर्च वाचेल, असे सांगून जो ती शाळेच्या गळ्यात मारतो, त्याने एकदा वजनकाटा घेऊन बसावे.

हा वाद जुना आहे आणि तो महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. मुलांच्या उद्योगातून शाळेचा, निदान शिक्षकाच्या पगाराचा, खर्च निघावा अशी त्यांची अपेक्षा होती. त्यावर टीका झाली की मग शाळा कारखाना होईल. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने आराखडा करताना याची दखल घेतली. खर्च निघाला नाही तरी शिक्षण म्हणून ही पद्धत स्वीकारण्यासारखी आहे आणि कमाईच्या नादात शिकणे मागे पडण्याचा धोका आहे, असे तिने स्पष्ट केले. हा धोका आपण नव्वद वर्षांनंतरही नीट ओळखलेला नाही. फरक एवढाच की तेव्हा सूत काढण्याचे वजन मोजले जात होते, आता मेथीच्या जुड्या.

मग आरोग्याच्या बाजूने बागेचा उपयोग कोणता? इथे थोडे संशोधन पाहणे बरे. नेपाळमध्ये शाळांच्या बागांवर शिस्तीने तुलना करून केलेल्या एका अभ्यासात असे दिसले, की बागेमुळे मुलांना भाज्यांची ओळख वाढली, भाज्या आवडतात असे ती सांगूही लागली, पण प्रत्यक्ष ताटातली भाजी फारशी वाढली नाही. नंतर तिथेच शाळेच्या बागेला घरच्या बागेची जोड देऊन पाहिले. पालकांना, मुख्यतः आयांना, बियाणे आणि प्रशिक्षण दिले. तेव्हा मुलांचे भाजी खाणे वाढले. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन परिसरातील १६ शाळांत बाग, स्वयंपाक आणि पोषण यांचे धडे वर्षभर एकत्र देऊन चाचणी झाली. मुलांच्या खाण्यात भाजी वाढली, पण वजन किंवा रक्तदाब यांत फरक पडला नाही. या निष्कर्षांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. बाग हे औषध नाही. एका वर्षात हिमोग्लोबिन वाढेल असे वचन कोणी देऊ नये. आणि बागेचा परिणाम ताटापर्यंत पोहोचायचा असेल तर स्वयंपाकघर आणि घर या दोन्ही जागा तिला जोडलेल्या हव्यात. वरच्या अंदाजपत्रकात बियांच्या पुड्यांचे बाराशे रुपये आले ते याच कारणाने. सगळ्या यादीत पोषणावर सर्वांत थेट परिणाम करण्याची शक्यता असलेली बाब तीच आणि खर्चाला कात्री लागते तेव्हा पहिल्यांदा उडते तीही तीच.

गरज खोटी नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या देशव्यापी सर्वंकष पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्क्यांना आणि १० ते १९ वयोगटातील २८ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. शाळेच्या खिचडीत धान्य-डाळ पोहोचते. कमी पडतो तो पाला. बाजारातून आणायची तर बटाटा, कोबी, भोपळा टिकतात म्हणून आणले जातात. पालेभाजी आदल्या दिवशी आणली तर सुकते, निवडायला वेळ जातो. एका गुंठ्याच्या बागेने सगळी ५० ग्रॅम भाजी पुरवायचा हट्ट सोडावा आणि आठवड्यातून दोनदा मुलामागे २५ ग्रॅम पाला, एवढेच लक्ष्य धरावे. ८० मुलांना दर खेपेला दोन किलो. हे तिच्या आवाक्यात आहे आणि बाजारातून न येणारी उणीव त्याने भरते. शेवग्याचा पाला, राजगिरा, लाल माठ, चवळी, अंबाडी, मायाळू, चाकवत: यांतले बरेचसे आजीला माहीत असते आणि बाजाराला नको असते. पाल्यातले लोह शरीरात शोषले जाण्याचे प्रमाण मुळात कमी असते. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते वाढते आणि क जीवनसत्त्व शिजवताना नष्ट होते. म्हणून लिंबू भांड्यात पिळण्याऐवजी ताटात वाढल्यावर पिळावे. मोबदल्याची गोष्ट निघाली आहे म्हणून सांगायचे, तर त्या गुंठ्यातले सर्वांत किफायतशीर झाड बहुधा लिंबाचे असेल.

मूल नवी भाजी पहिल्या घासाला नाकारते, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. आहाराचे अभ्यासक सांगतात की तीच चव आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, जबरदस्ती न करता समोर आली की नकार हळूहळू विरघळतो. आपण पेरलेल्या, आपण पाणी घातलेल्या रोपाची भाजी चाखायला मूल तुलनेने लवकर तयार होते. बागेची खरी किंमत इथे आहे, किलोत नाही. पण त्यासाठी बागेत मुलांनी काम केले पाहिजे. स्पर्धेच्या आधी माळी बोलावून सजवलेल्या बागेत मुले नुसती पाहुणी असतात. अंदाजपत्रकात पैशांइतकीच वेळेची तरतूद लागते: आठवड्याला कार्यानुभवाचे दोन तास, आणि त्यातच परिसर अभ्यासाचा व गणिताचा धडा. वाफ्याचे क्षेत्रफळ, उगवणीची टक्केवारी, जुडीचे वजन, पावसाचे मिलिमीटर हे सारे तिथेच शिकवता येते. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक बैठकीला आणि दुसऱ्याकडे चार वर्ग असताना हे जमत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अशा शाळेला गुंठाभर बाग करायला लावण्यापेक्षा शेवग्याची चार झाडे आणि लिंबाचे एक झाड पुरे.

सुरक्षिततेचा खर्च यादीत जवळजवळ कधीच दिसत नाही. जुन्या इमारतींच्या भिंतींना आणि खिडक्यांना शिसेयुक्त रंग दिलेला असू शकतो. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम देशात २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाचे पोपडे भिंतीच्या पायथ्याशी मातीत मिसळलेले असतात. शिशाचा मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून निघत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेच्या तपासणीत नत्र, स्फुरद, पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू असे बारा घटक पाहिले जातात, त्यात शिसे नसते. तेव्हा जुन्या इमारतीपासून आणि हमरस्त्यापासून वाफे काही मीटर दूर घ्यावेत, तेवढी जागा नसेल तर बाहेरून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यांत लावावे आणि शहरी शाळांनी शिशाची वेगळी तपासणी करून घ्यावी. जिवंत कुंपण स्वस्त पडते, मात्र शेर किंवा कण्हेर शाळेत नको. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते आणि कण्हेर सगळीच विषारी. करवंद, मेंदी, सागरगोटा चालेल. त्यांना दोन पावसाळे लागतात, तोवर जाळी हवीच. रासायनिक कीटकनाशक शाळेच्या आवारात ठेवूच नये. मातीत काम केल्यावर साबणाने हात धुणे ही तर जंतांच्या गोळीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे. साबणाचे वर्षाचे पाचशे रुपये वरच्या यादीत आम्हीही विसरलो होतो.

बियाण्याच्या बाबतीत एक रास्त बचत शक्य आहे. संकरित वाणांचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. सरळ, गावरान वाणांचे बी मुलांना धरता येते. दोन झाडे तोडायची नाहीत, सुकू द्यायची, बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचे. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत शिकलेल्या नाहीत, हे शाळांनी लक्षात ठेवावे असे आहे. तीन वर्षांत बियाण्याचा खर्च शून्यावर आणता येतो आणि घरी देण्याच्या पुड्याही त्यातूनच भरता येतात.

लोकसहभागाला आमचा विरोध नाही. गावाने खत, श्रम, कुंपणाचे बांबू दिले तर बाग गावाची होते. पण लोकसहभाग हा शब्द अलीकडे सरकारचा हात आखडला की पुढे केला जातो. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने पोषण आहारातील अंड्यांसाठीचा स्वतंत्र निधी थांबवला आणि गोड पदार्थाची साखर लोकसहभागातून मिळवावी असे शाळांना सांगितले. ज्या गावांत ते सहज मिळते, तिथल्या मुलांना मुळात गरज कमी असते. ज्या पाड्यावर मूल दुपारच्या त्या एका ताटासाठी शाळेत येते, तिथे देणगीदार शोधायचा कुठे? परसबागेचे तसेच होऊ नये. कुंपण, पाणी आणि मे महिन्याची राखण या तीन बाबी सरकारी पैशातून व्हाव्यात. बाकीचे गाव करील.

राज्यात उत्कृष्ट परसबागांच्या स्पर्धा होतात, तालुक्यापासून बक्षिसे मिळतात. त्या जरूर व्हाव्यात. फक्त समितीने बाग पाहायला हिवाळ्यात, भाजी ऐन बहरात असताना, जाऊ नये. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात, आधी न कळवता जावे. शेवग्याला पाला आहे का, लिंबू जगले आहे का, कुंपण उभे आहे का, मागच्या वर्षीचे बी कुठे ठेवले आहे, हे एखाद्या तिसरीतल्या मुलीला विचारावे. आणि बक्षिसाची रक्कम त्याच आठवड्यात शाळेच्या खात्यात जमा करावी. भेंडी-गवार पेरायला तेव्हा अजून पंधरा दिवस हातात असतात.